चौथा नोझल

नोटीस आली तेव्हा जयवंत पेडणेकर पोहे खात होता. ती वाचून झाल्यावर तो उठला आणि बशीतले उरलेले पोहे परत कढईत नेऊन टाकले. नलिनी ओट्याशीच उभी होती. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने उष्टे पोहे कढईत घातल्याचं ती पहिल्यांदाच पाहत होती, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे तिला नोटीस न वाचताच कळलं.

आरटीओच्या नोटिशीत असं होतं की जयवंतचा ट्रक आरे कॉलनीच्या रस्त्यावर काळा धूर सोडताना आढळला आहे, पुराव्यादाखल फोटो जोडला आहे, तरी सात दिवसांच्या आत ट्रक तपासणीला हजर करावा. धूर मर्यादेबाहेर निघाला तर परवाना थांबवण्यात येईल. सकाळी फिरायला येणाऱ्या कुणीतरी तो फोटो काढून पाठवला होता. फोटोत ट्रक असा दिसतच नव्हता. नुसता धूर होता आणि त्या धुरावर गवताचे चार भारे तरंगत होते. नंबरप्लेट मात्र स्वच्छ आली होती, कारण जयवंत ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायचा.

जयवंतला भित्रा म्हणणं बरोबर होणार नाही. संकट यायच्या आधीच तो घाबरून ठेवायचा, म्हणजे आयत्या वेळी धावपळ नको. मालाडच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहूनही तो लिफ्टने जात नसे. चालू असेल तर अडकेल, आणि बंद असेल तर चालू होईल, अशी दोन्हीकडून त्याला भीती होती. या वेळी मात्र संकट आधी आलं होतं आणि घाबरायचं मागाहून उरलं होतं, म्हणून तो जास्तच गडबडला. भिवंडीकडून हिरवा चारा भरायचा आणि आरेतल्या गोठ्यांवर टाकायचा, हा त्याचा रोजचा धंदा. परवाना थांबला तर गोठेवाला दुसऱ्या दिवशी दुसरा ट्रक लावणार होता, कारण म्हशी नोटिशी वाचत नाहीत. एकदा दुसरा ट्रक लागला की तो लागलाच. आणि पेडणेकरांकडे ट्रक हा एकच होता.

वाईट याचं होतं की हा धूर त्याने स्वतःच ओढवून घेतला होता. सात वर्षांचा ट्रक आरेतल्या चढावर दमायला लागला, तेव्हा नाक्यावरच्या एका दोस्ताने सांगितलं की नोझल मोठे टाक. नोझल म्हणजे इंजेक्टरचं टोक, त्याच्या भोकांतून डिझेल इंजिनात उडतं. भोकं मोठी तर डिझेल जास्त, डिझेल जास्त तर जोर जास्त. इतकं दोस्ताने सांगितलं. त्या जास्तीच्या डिझेलला जळायला तेवढी हवाही लागते, ती मिळाली नाही तर ते काळं होऊन मागून बाहेर पडतं, हे सांगायच्या आधी त्याचा चहा संपला. नवे नोझल बसवल्यावर पहिल्याच दिवशी ट्रक चढ असा चढला की गवताचे दोन भारे खालीच राहिले. मागे काय होतंय ते जयवंतने आरशात एकदा पाहिलं आणि पुन्हा न पाहायचं ठरवलं.

नलिनीने नोटीस शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

"इंजिन उघडलंत तेव्हा नारळ फोडला होतात?"

"नाही."

"गाऱ्हाणं घातलं होतंत?"

"अगं, गॅरेजमध्ये कुठे गाऱ्हाणं घालणार?"

"मग धूर येणार नाही तर काय अगरबत्तीचा वास येणार?" असं म्हणून तिने बोरिवलीला आपल्या मामांना फोन लावला.

दत्ताराममामा कणकवलीच्या पुढच्या एका गावचे. आयुष्यभर गिरणीत नोकरी केली, पण गाऱ्हाणं घालायचं काम त्यांच्याकडेच असायचं, गावात असोत की खात्यात. कोकणात कुठलंही काम हाती घेताना एक जाणता माणूस हात जोडून उभा राहतो, देवाला सगळी हकीगत मोठ्याने सांगतो, काय चुकलंमाकलं ते कबूल करतो आणि यश मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर गाऱ्हाणं अर्ध्या वाटेवरून परत येतं म्हणतात. मामांच्या तोंडी हे इतकं बसलं होतं की बँकेत पैसे काढायला गेले तरी ते काउंटरवर आधी स्वतःची चूक सांगत. त्याच दुपारी ते पिशवीत गावचे दोन नारळ घालून मालाडला हजर झाले आणि म्हणाले की ट्रक जिथे जाईल तिथे आपणही जाणार.

दुसऱ्या दिवशी ट्रक कुर्ल्याला हर्षदकडे नेला. हर्षदचं दुकान फक्त डिझेलच्या पंपाचं आणि नोझलचं. बोलायला कमी, हातात सतत कापूस. त्याने आधी शेजारच्या पीयूसीवाल्याकडून धूर मोजून घेतला. पन्नासच्या आत पाहिजे होता, आकडा आला ब्याण्णव. जयवंत खाली बसला. हर्षदने मोठे नोझल काढून एकेक करून मशीनवर लावले, तर डिझेल फवाऱ्यासारखं उडायच्या ऐवजी पिचकारीसारखं येत होतं. मग त्याने एअर फिल्टर उघडला. आत एका म्हशीची न्याहारी निघाली. गवताचा भुसा महिनोन्महिने आत जात होता, आणि इंजिन बिचारं नाक चोंदलेल्या माणसासारखं धापा टाकत होतं.

"जोर पण पाहिजे आणि धूर पण नको ना?" हर्षद म्हणाला. "मग भोक मोठं नाही करायचं शेठ. भोकं वाढवायची आणि बारीक करायची. पाचाच्या जागी सहा. डिझेलचं धुकं झालं पाहिजे, म्हणजे सगळं जळतं. चारही नोझल एका प्रेशरवर सेट करतो. हवा साफ, फवारा साफ, मग काळं येणार कुठून?"

जयवंतला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. त्याने दोन वडापाव मागवले. पहिला संपतो तोच हर्षद चौथा नोझल हातात घेऊन बाहेर आला. नव्या सेटमधला तो एक गळका निघाला होता. मशीनवर लावला की फवारा बंद झाल्यावरही टोकावर थेंब धरत होता. बदली मागवली, पण ती चार दिवसांनी येणार आणि तपासणी तर तिसऱ्या दिवशी. दुसरा वडापाव मामांनी खाल्ला.

शेवटी असं ठरलं की तीन नवे बसवायचे आणि चौथ्या जागी ट्रकचा मूळचा जुना, साफ करून. हर्षदला हे पटत नव्हतं. चार बैलांची गाडी असेल तर चौघांची चाल एक पाहिजे, असं तो म्हणाला. तरी त्याने बसवला आणि पुन्हा धूर मोजला. पहिल्यांदा अठ्ठेचाळीस आला, मग सत्तेचाळीस, मग एक्कावन्न.

"म्हणजे पास की नापास?" जयवंतने विचारलं.

"इंजिन गरम असलं आणि तपासणीच्या साहेबांनी पाय हळू दाबला, तर पास."

"आणि जोरात दाबला तर?"

हर्षदने कापसाला हात पुसले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या क्षणापासून जयवंतला साहेबांच्या पायाची धास्ती बसली. तपासणीच्या ट्रॅकवर जे साहेब होते त्यांच्याबद्दल ट्रकवाल्यांत बरंच बोललं जाई. ते हसत नाहीत. ते चहा घेत नाहीत. ते दुसरंही काही घेत नाहीत, आणि हेच सगळ्यांना जास्त भयंकर वाटत असे. ट्रॅकच्या फाटकावर त्यांनी एक पाटी लावून घेतली होती, "आवारात नारळ फोडू नये." एकदा कुणा ट्रकवाल्याने पाटी न वाचता चाकाखाली नारळ फोडला, तर साहेब पांढरेफटक पडले, आत जाऊन दार लावून बसले आणि बाहेर आल्यावर एकामागून एक सात गाड्या नापास केल्या म्हणे. हे जयवंतने चार जणांकडून ऐकलं होतं आणि चौघांनी गाड्यांचा आकडा वेगवेगळा सांगितला होता. त्याने त्यातला सगळ्यांत मोठा खरा धरला.

तेव्हा एक जुना नोझल आत आहे हे कुणाला कळता कामा नये. हर्षद बोलणारा नव्हता. प्रश्न मामांचा होता. जयवंतने त्यांना ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं, काचा वर केल्या आणि सांगितलं.

"मामा, नोझलबद्दल एका माणसाशी बोलायचं नाही. नलूशी नाही. नाक्यावर नाही. माझ्याशीसुद्धा नाही. बोलता बोलता आपल्याच तोंडून बाहेर पडायचं आणि भलत्याच्या कानावर जायचं. नोझल हा शब्दच विसरा."

"इसारलंय," मामा म्हणाले. "गावच्या रवळनाथाची आण. माणसाक सांगूचा नाय."

मामांची आण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जयवंतला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी ट्रक हर्षदच्या दारातच उभा होता. पाणी, ऑइल, पट्टे बघून घ्यायचे होते. मामा केबिनमध्ये राखणीला बसले आणि जयवंत विमा, टॅक्स वगैरे कागदांच्या प्रती काढायला दुपारभर हिंडला. गोठेवाल्याचे फोनवर फोन येत होते. पहिले चार त्याने उचलले. पाचव्यात गोठेवाला म्हणाला की उद्या बारापर्यंत कळलं नाही तर मी दुसऱ्या ट्रकवाल्याला हो म्हणतो. त्यानंतर जयवंतने फोनच बंद करून टाकला. बंद फोनवर वाईट बातमी येत नाही, हा त्याचा जुना अनुभव होता. चांगली येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही. परत आला तेव्हा हर्षद जेवायला गेला होता आणि मामा केबिनमध्ये ताठ बसले होते. सगळं ठीक ना, असं त्याने विचारलं. मामांनी नुसती मान हलवली. काहीतरी बोलायचं असल्यासारखे त्यांचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले. त्यांना उचकी लागली असेल असं जयवंतला वाटलं आणि हर्षदची वाट न बघता त्याने ट्रक घरी आणला.

तपासणीच्या दिवशी तो पहाटे उठला, अंघोळ केली, देव्हाऱ्यातली नोटीस खिशात घातली आणि नलिनीला म्हणाला, "आलो की सांगतो." ती म्हणाली, "न सांगताच कळेल. कढईत काय येतं ते बघेन."

रस्ताभर त्याने ट्रक असा चालवला, जसा काही आत कुणी आजारी माणूस झोपलाय. चढ आला की तो श्वास रोखायचा. जणू त्यामुळे ट्रकचं ओझं कमी होणार होतं. एका सिग्नलला त्याने धीर करून आरशात पाहिलं. मागे धूर दिसेना. आरसा मळलाय असं त्याने ठरवलं आणि तो पुसला. तरी दिसेना. मग त्याला वाटलं, धूर इतका पसरलाय की आता आरशात मावतच नाही.

ट्रॅकवर पाच गाड्या पुढे होत्या. इंजिन थंड पडेल या भीतीने त्याने ते दोन तास चालूच ठेवलं. पहिल्या दोन गाड्या पास झाल्या. मग एक वाळूचा डंपर नापास झाला, त्याच्यामागचा एक टेम्पो नापास झाला, आणि सिमेंटची गाडी तर साहेबांनी नळी लावायच्या आधीच, नुसता वास घेऊन बाजूला काढायला लावली. मग मोजली तरी नापासच. तिघेही ड्रायव्हर भिंतीच्या कडेला तोंडं पाडून उभे राहिले. साहेब चाळिशीचे, सडपातळ, कागदासारखे कोरडे. बोलत होते ते शाळेच्या पुस्तकातलं मराठी. "वाहन पुढे घ्या. इंजिन सुरू ठेवा. उतरा."

नंबर आला. साहेब आतल्या खोलीत नवा फॉर्म आणायला गेले. तेवढ्यात मामा केबिनमधून खाली उतरले, पिशवीतून नारळ काढला आणि बॉनेटवर ठेवला.

"मामा, पाटी," जयवंत कळवळून म्हणाला.

"फोडूचो नाय असा लिवलेला आसा. ठेवूचो नाय असा लिवलेला नाय," मामा म्हणाले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

जयवंत काही करणार तोच त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि गिरणीतल्या यंत्रांवरून ऐकू जायचा तो जुना आवाज काढला.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या म्हाराजा..."

मागच्या दोन गाड्यांचे ड्रायव्हर कोकणातलेच निघाले. ते आपसूक पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा." जयवंतचे हातही जोडले गेले आणि तोही तेच म्हणाला. जन्म मुंबईतला असला तरी हात कोकणातलेच होते.

"तुज्या गावच्या जावयान नारळ फोडल्याशिवाय ट्रकाचा इंजिन उघडल्यान, ही तेची पयली चूक झाली..."

"व्हय म्हाराजा."

"लोकांच्या सांगण्यार जावन मोठ्या भोकाचे नोझल घातल्यान आणि तुजा आकाश काळा केल्यान, ही तेची दुसरी चूक झाली..."

"व्हय म्हाराजा."

'नोझल' हा शब्द ऐकला आणि जयवंतच्या मानेवर काटा आला. माणसाला सांगायचं नाही, अशी आण मामांनी घेतली होती. देव माणसांत मोडत नाही, हा मुद्दा आण घेताना निघालाच नव्हता. त्याने मामांच्या सदऱ्याचं टोक ओढलं. पण गाऱ्हाण्यात शिरलेले मामा म्हणजे उतारावरचा ट्रक.

"आणि तपासणीत पास होवक चार नोझलातलो एक जुनोच ठेवल्यान, आणि ता कोणाक सांगू नको म्हणान माका सांगल्यान, ही तेची तिसरी चूक झाली..."

"व्हय म्हाराजा."

या वेळी आवाज तीन नव्हते, चार होते. चौथा आवाज पाठीमागून, अगदी जवळून आला होता. जयवंतने मान वळवली. हातात फॉर्म, काखेत पेन, डोळे अर्धवट मिटलेले आणि मान खाली घातलेली, असे साहेब तिथे उभे होते. जयवंतने पुन्हा मान सरळ केली. जे दिसलं ते न पाहिल्यासारखं करण्यात त्याची जन्मभराची तालीम होती, पण आज ती उपयोगी पडेना. घर, ट्रक, गोठा, नलिनी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. आता तर फसवणुकीचाही गुन्हा लागणार होता, आणि साक्षीला खुद्द रवळनाथ होता.

"तरी ह्येच्यो चुको पोटात घाल, ह्येका संभाळून घी, आणि तपासणाऱ्या साहेबाक चांगली बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," साहेब म्हणाले, आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं.

इंजिन तेवढं चालू होतं. साहेबांची नजर बॉनेटवरच्या नारळावर गेली आणि चटकन दुसरीकडे वळली. चेहरा उतरला होता, पण आवाज त्यांनी पुस्तकातला आणला. "एक नोझल जुना आहे तर. बसा वर. मी सांगेन तेव्हा पाय दाबा. पूर्ण दाबा."

नळी सायलेन्सरमध्ये गेली. "दाबा," साहेब म्हणाले. जयवंतने दाबायचा प्रयत्न केला, पण पाय ऐकेना. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने चुकून ब्रेक दाबला. मग साहेब स्वतःच केबिनमध्ये चढले, त्याला बाजूला सारलं आणि ज्या पायाची त्याने तीन दिवस धास्ती घेतली होती त्या पायाने ॲक्सिलरेटर जमिनीपर्यंत नेला. एकदा, दोनदा, तीनदा. ट्रक असा गरजला की भिंतीवरचे कावळे उडाले. जयवंतने डोळे गच्च मिटले होते आणि नाकही दाबून धरलं होतं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साहेब खाली उतरले. मशीनमधून चिठ्ठी आली. ती त्यांनी वाचली, ट्रककडे पाहिलं, मशीनवर एक टिचकी मारली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दुसरी चिठ्ठीही तीच आली.

"एकोणीस," ते म्हणाले. "पास."

जयवंतने डोळे उघडले. सायलेन्सरच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती, चुलीवरच्या तव्यावर थरथरते तशी. काळं काही नव्हतं. तो दोन पावलं मामांकडे गेला. रडू येतंय की हसू, हे त्याला कळेना.

"मामा, हे कसं झालं? जुना नोझल..."

"आता बोलू मा?" मामांनी विचारलं. त्याने मान हलवली. "काल तुमी कागदांक गेलात तेवा नवो इलो. दोन दिस आदीच. हर्षदान थंयच बदलल्यान. तुमका फोन लावल्यान, तो बंद. जातना माका म्हणालो, शेठाक सांगा."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमीच सांगल्यात, नोझलाचा नाव माझ्याशी पण काढू नको. आण घेतलली मी. रातभर माझा प्वाट फुगला."

"आणि देवाला? देवाला तरी सांगायचं होतं ना, की बदलला म्हणून. फक्त जुना ठेवला तेवढंच सांगितलंत."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. एवढा मुंबईत शिकलेला माणूस, त्याला हे कळू नये याचं त्यांना खरंच वाईट वाटलं.

"देवाक चुको सांगतत, जावयबापू. बरा केलला तेका दिसता."

जयवंतने फोन चालू केला, गोठेवाल्याला बारा वाजायच्या वीस मिनिटं आधी एकच शब्द सांगितला, आणि हर्षदचे सतरा फोन येऊन गेलेले पाहिले. नलिनीलाही फोन केला. ती "बरं" म्हणाली, पण मागे कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज आला आणि त्याचे डोळे भरून आले.

निघायच्या बेतात असताना साहेबांनी मामांना हाक मारली. भिंतीच्या सावलीत नेऊन गाव विचारलं. मामांनी सांगितलं.

"बाजूच्याच वाडीतलो मी," साहेब म्हणाले. पुस्तकातलं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं. "राजेश. बाबल गवसाचो झील."

मग सगळं बाहेर आलं. अकरा वर्षांपूर्वी परीक्षा देताना राजेश गवसाने रवळनाथाला नवस बोलला होता की ही नोकरी लागली तर देवळाला नारळांचं तोरण बांधीन. नोकरी लागली. पहिल्या वर्षी सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी मिळाली, पण आता उशीर झालाय तर देवाला तोंड कसं दाखवायचं म्हणून गेला नाही. मग जितका उशीर होई तितकी भीती वाढे, आणि जितकी भीती वाढे तितका उशीर होई. गावाला जाणंच सुटलं. ट्रॅकवर कुणी नारळ फोडला की आपल्यालाच कुणी विचारतंय असं वाटे, म्हणून ती पाटी लावली. आज बॉनेटवर नारळ दिसला, वर आपल्याच गावचं गाऱ्हाणं कानावर आलं आणि तोंडातून होकार निघून गेला, तेव्हापासून हातपाय गार पडलेत.

"तुमचो ट्रक पास झालो," साहेब म्हणाले. "माझा कसा होतला?"

जयवंत बाजूलाच उभा होता. गेले तीन दिवस ज्या माणसाच्या नुसत्या नावाने त्याला जेवण गेलं नव्हतं, तो घाबरण्याच्या बाबतीत आपल्याच गोत्रातला निघाला, हे पाहून त्याला त्याच्याबद्दल भारी माया वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणाला म्हणाला, "साहेब, घाबरू नका. चूक सांगून टाका. मी बघितलं ना आता."

मामांनी बॉनेटवरचा नारळ उचलून साहेबांच्या हातात दिला. शिमग्याला तोरण घेऊन गावात यायचं, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आणि त्यांना ट्रककडे तोंड करून उभं केलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. गाऱ्हाणं घालायला एक माणूस पुरतो, पण होकार द्यायला चार तरी लागतात. त्यांनी हात करून सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं. रांगेतले आले. भिंतीच्या कडेला उभे होते ते डंपरवाला, टेम्पोवाला आणि सिमेंटवालाही आले. त्यातला एक उत्तरेकडचा होता, त्याला जयवंतने कधी काय म्हणायचं ते समजावून सांगितलं.

मामांनी टोपी सारखी केली आणि डोळे मिटले. साहेबांनी नारळ छातीशी धरला होता.

"बा देवा रवळनाथा, बारा वाड्यांच्या म्हाराजा, ह्यो राजेश बाबल गवस अकरा वर्सां तुजो नवस चुकवन फिरता हा, ही तेची लय मोठी चूक झाली..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. जयवंत तर मनापासून म्हणाला. पण सगळ्यांत मोठा आवाज सकाळपासून नापास झालेल्या त्या तिघांचा होता.